लिफ्टचं तेल गळतंय : मिनी ट्रॅक्टरची गळती शोधायची कशी आणि थांबवायची कशी

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. मागे ब्लोअर, टाकीत औषधाचं पाणी, आणि हवा पावसाळी असली तर एकाच दिवसात दोन-दोन फवारण्या. नेमकं याच दिवसांत शेडमधल्या फरशीवर तेलाचा डाग दिसू लागतो. बहुतेक ठिकाणी यावर एकच उपाय होतो : डबा आणायचा आणि डिपस्टिकच्या खुणेपर्यंत तेल ओतायचं. काम थांबत नाही, म्हणून गळतीही थांबत नाही.

एक साधा हिशेब करून बघा. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला सुमारे १८० मिलिलिटर, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला जवळपास दीड लिटर तेल गेलं. ते वेलीच्या मुळाशी जिरतं ते वेगळंच.

हा लेख ज्यांनी आजवर डिपस्टिक पुसण्यापलीकडे काही केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. १८ ते २८ एचपीचे छोटे ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. कंपनीप्रमाणे बोल्टची जागा बदलते, कामाची पद्धत बदलत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे : सील किंवा ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) सहसा आपणहून खराब होत नाही, तिला कुणीतरी खराब करतं. ते कारण न शोधता नुसती नवी सील ठोकली तर तीच गळती त्याच हंगामात परत दिसेल.

हात लावण्याआधी

लिफ्ट म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा. तिच्या पंपाचा दाब मॉडेलप्रमाणे दीडशे बारच्या आगेमागे असतो, काहींत त्याहून जास्त. मोटारगाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाखाली होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही, पण कातडी भेदून आत जाते. म्हणून चालू ट्रॅक्टरवर गळती बोटाने चाचपायची नाही. हातमोजा घालूनही नाही. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा लांब तुकडा नळीच्या बाजूने फिरवायचा. धार असेल तिथे तो ओला होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तरीही कुणाला अशी धार लागलीच, तर जखम फसवी असते. वर फक्त एक बारीक टिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजून काळं पडायला लागतं. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं तेल कातडीच्या आत गेलं आहे. यात शस्त्रक्रियेची गरज पडते, मलमपट्टीने भागत नाही.

आता कामाची तयारी. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागचं अवजार पूर्ण खाली टेकवा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. मग लिफ्टचा लिव्हर चार-पाच वेळा वर-खाली करा, म्हणजे नळीत अडकलेला दाब निघून जाईल. अवजार वर धरून ठेवलं असेल तर इंजिन बंद असतानाही सिलिंडरमध्ये पूर्ण दाब असतो, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. आणि नुसत्या लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या रोटाव्हेटरखाली किंवा ब्लोअरखाली कधीच शिरायचं नाही. खाली लाकडी ओंडके लावल्याशिवाय डोकंही आत घालू नका.

गळतंय ते तेल कोणतं?

लिफ्टचंच तेल आहे असं गृहीत धरू नका. ट्रॅक्टरखाली पांढरा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवा. काळंकुट्ट असेल तर इंजिन ऑइल. पातळ, वासावरून ओळखू येणारं आणि पुठ्ठ्यावर पटकन पसरणारं असेल तर डिझेल. हिरवट किंवा गुलाबी पाणी रेडिएटरचं. सोनेरी ते तपकिरी, बोटांत चिकट लागणारं तेल गिअरबॉक्स-लिफ्टचं. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलेलं आहे. तेव्हा गळती बंद करून भागणार नाही, सगळं तेल बदलावं लागेल.

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलातले ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल असतं आणि ते मागच्या हाउसिंगमध्ये साठतं. त्यामुळे पीटीओची (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टची) सील गळाली तरी शेवटी उपास लिफ्टला घडतो.

पुठ्ठ्याबरोबर दोन्ही डिपस्टिक बघा. लिफ्टचं तेल कमी होतंय, बाहेर कुठेच ओल नाही, आणि इंजिन ऑइलची पातळी मात्र वाढलेली दिसते, असं असेल तर ट्रॅक्टर चालू करू नका. काही मॉडेलांत हायड्रॉलिक पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवरून चालतो. त्या पंपाच्या शाफ्टची सील गेली की तेल बाहेर न येता थेट इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिनात जास्त झालेलं तेल जळायला लागलं तर इंजिन बंद करूनही थांबत नाही. हे काम मेकॅनिककडेच द्या.

केव्हा गळतं, त्यावरून कुठे गळतं

यासाठी तेलाचा रस्ता माहीत हवा. पंप हाउसिंगमधून गाळणीमार्गे तेल ओढतो आणि डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे कंट्रोल वॉल्व्हकडे पाठवतो. लिव्हर वर केला की तेल लिफ्टच्या सिलिंडरमध्ये जातं, पिस्टन सरकतो, लिफ्ट शाफ्ट फिरतो आणि आर्म, म्हणजे उचलणारे दांडे, वर येतात. लिव्हर स्थिर झाला की तेल वॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये कोंडलं जातं, आणि पंपाचं जास्तीचं तेल परत हाउसिंगमध्ये पडत राहतं.

आता तीन प्रश्न स्वतःला विचारा. ट्रॅक्टर रात्रभर उभा असतानाही ठिबकतो का? तर दोष बिनदाबाच्या जागेत आहे : ड्रेन प्लग, पीटीओ सील, एक्सलची सील, हाउसिंगचं पॅकिंग. फक्त लिफ्ट उचलताना तेल येतं का? तर पंपापासून वॉल्व्हपर्यंतची नळी आणि तिचे जोड बघा. अवजार वर धरलेलं असताना, इंजिन बंद असूनही येतं का? तर वॉल्व्हच्या पुढची बाजू, आणि टिपिंग ट्रॉलीसाठी बाहेर काढलेलं कपलिंग. ट्रॉलीच्या कपलिंगला बहुतेक वेळा टोपण नसतं, त्यात माती बसते आणि आतली ओ-रिंग कापली जाते. दहा मिनिटांचं काम असूनही हे महिनोन् महिने गळत राहतं.

धुवा, पुसा, मग बघा

तेलकट मातीचा थर असलेल्या ट्रॅक्टरवर गळती शोधणं अशक्य आहे. थेंब जिथे पडतो तिथे गळती असते असं नाही. तेल कास्टिंगच्या कडेने वाहत हातभर लांब जातं आणि सगळ्यांत खालच्या बोल्टच्या डोक्यावरून टपकतं. चालत्या ट्रॅक्टरवर वारा आणि पंखा ते मागे उडवतात.

म्हणून आधी डिझेल आणि ब्रशने संशयाची जागा घासून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. ब्रीदरवर (हाउसिंगमधली हवा बाहेर जायच्या वाटेवर) आणि वायरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर जोडांवर आणि कास्टिंगवर टाल्कम पावडर भुरभुरा. मग ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम करा, कारण थंड घट्ट तेल जी फट ओलांडत नाही ती गरम तेल ओलांडतं. अवजार जोडून लिफ्ट काही वेळा वर-खाली करा. आता पावडरीत तेलाची काळपट रेघ उमटलेली दिसेल. तिच्या मागे मागे वर जा. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा हीच खरी जागा. टॉर्च आणि छोटा आरसा असेल तर नळीची मागची बाजूही दिसते.

या पायरीला अर्धा दिवस गेला तरी चालेल. माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते.

सगळ्यांत आधी ब्रीदर

एकाही बोल्टला पाना लावण्याआधी ब्रीदर साफ करा. हाउसिंगमधली हवा तेल गरम झालं की प्रसरण पावते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. लिफ्टच्या वरच्या कव्हरवर किंवा तेल भरायच्या टोपणातच ही बारीक वाट असते. बागेतली माती, औषधाचा थर आणि तेल यांनी ती बुजते. मग आतला दाब जिथे सील सगळ्यांत कमजोर तिथून तेल ढकलतो. धडधाकट सीलही तेव्हा पाझरते. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, हवा मारा, आणि पुन्हा गळती तपासा. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तरी असंच होतं.

होज आणि जोड

स्टीलची नळी आणि रबरी होज जिथे जोडतात तिथे ओल दिसली की पहिली प्रतिक्रिया म्हणजे पाना घेऊन आवळणं. थोडं आवळून थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर जोर वाढवू नका, कारण आत वॉशर किंवा ओ-रिंग गेलेली आहे आणि जादा आवळल्याने आटे जातील किंवा नळीचं तोंड फाटेल. आवळताना नेहमी दोन पाने वापरा : एकाने नट फिरवा, दुसऱ्याने मागचा भाग धरून ठेवा. नाही तर होज पिळली जाते. होजवर लांबीने छापलेली ओळ सरळ राहिली पाहिजे. ती वळणावळणाने गेली असेल तर होज पिळलेली आहे.

या जोडांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका. इथे आटे तेल अडवत नाहीत, वॉशर किंवा निमुळतं तोंड अडवतं. टेपचे तुकडे मात्र तुटून वॉल्व्हमध्ये अडकतात आणि गळती परवडली असं म्हणायची वेळ येते.

बॅन्जो बोल्टला, म्हणजे ज्याच्या आतून तेल जातं त्या पोकळ बोल्टला, दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. ते दरवेळी नवे घाला. अगदीच अडलं तर जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. वरची काजळी घासून काढा. रबर बसवलेला डावटी वॉशर असेल तर तो मात्र नवाच.

होजला चीर, फुगवटा किंवा टोकाच्या कॅपजवळ ओल असेल तर तिला क्लॅम्प, सायकलची ट्यूब, एमसील असलं काही लावू नका. जुनी होज काढून दुकानात न्या आणि तेवढ्याच लांबीची, तेच आटे असलेली नवी प्रेस करून घ्या. एकपदरी तार आणि दोनपदरी तार यांत मोठा फरक असतो : ३/८ इंची एकपदरी होज १८० बार कामाच्या दाबाची, तर दोनपदरी ३३० बारची. ट्रॅक्टरवरची मूळ होज दोनपदरी असेल तर स्वस्त म्हणून एकपदरी घेऊ नका. बसवण्याआधी आतून हवा मारा, कापताना उडालेला रबराचा भुसा आत राहिलेला असतो. आणि जुनी का गेली ते बघा. सायलेन्सरला लागत होती? लिफ्ट आर्मला घासत होती? नवी तिथूनच नेली तर तीही जाईल.

पीटीओची सील

बागेतल्या ट्रॅक्टरचं हे नेहमीचं दुखणं. वेली बांधायची सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे, तारेचे बारीक तुकडे पीटीओ शाफ्टला गुंडाळले जातात, सरकत सरकत सीलपर्यंत पोचतात, घर्षणाने तापतात आणि सीलची ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कडा) कापतात. दर आठवड्याला इंजिन बंद करून ही गुंडाळी ब्लेडने कापून काढली तरी अर्ध्या सील वाचतील.

सील बदलताना आधी हाउसिंगमधलं तेल स्वच्छ झाकणाच्या ड्रममध्ये काढा, कारण पीटीओ शाफ्ट बहुधा तेलाच्या पातळीखाली असतो. मग पीटीओचं गार्ड, कव्हर किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), तुमच्या मॉडेलला जे असेल ते, काढा. सर्क्लिपसाठी सर्क्लिप प्लायरच वापरा, पेचकसाने ती उडून डोळ्यात जाते. सील काढायला तिच्या पत्र्यात दोन बारीक स्क्रू फिरवा आणि पक्कडीने सारखं ओढा. बसायच्या जागेवर पेचकसाचा ओरखडा उमटू देऊ नका.

आता थांबा आणि दोन गोष्टी तपासा. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. जाणवण्याइतका ढिलेपणा असेल तर बेअरिंग गेलं आहे, आणि बेअरिंग न बदलता कुठलीही सील टिकणार नाही. मग सीलची ओठ जिथे घासते तिथे नख फिरवा. नख अडकेल अशी खाच असेल तर नव्या सीललाही त्याच खाचेतून तेल जाईल. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवतात, म्हणजे ओठ नव्या गुळगुळीत पृष्ठभागावर येते.

सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३५-५२-८ : शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. जुनी सील बरोबर नेली तरी हे आकडे लिहून ठेवा. पीटीओला धूळ अडवणारी जादा ओठ असलेली सील लागते, ती मागून घ्या.

नवी सील चढवताना शाफ्टच्या दातांवर प्लॅस्टिकची चिकटपट्टी गुंडाळा. हे दात धारदार असतात. पट्टी नसेल तर नवीकोरी ओठ पहिल्याच सरकवण्यात कापली जाते, आणि माणूस दुकानदाराच्या मालाला दोष देत बसतो. ओठांवर आणि दोन्ही ओठांच्या मध्ये ग्रीस भरा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हलक्या ठोक्यांनी सरळ आत न्या. तिरकी बसली तर ती सील गेली असं समजा.

लिफ्ट शाफ्ट, आणि न दिसणारी गळती

लिफ्ट आर्मच्या मुळाशी, शाफ्ट हाउसिंगबाहेर येतो तिथे ओल असेल तर तिथली ओ-रिंग गेली आहे. ती आर्म काढून बदलता येते. आर्म आणि शाफ्टवर जुळणीच्या खुणा आधी करून ठेवा. पण इथेही कारण बहुधा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजण्याचं असतं. या ट्रॅक्टरांची उचल क्षमता ७५० किलोच्या आसपास, तीही लिंकच्या टोकाशी मोजलेली. ४०० लिटर पाणी भरलेला, मागे लोंबणारा ब्लोअर बांधावरून उडत नेला की त्याचा हिसका क्षमतेच्या पलीकडे जातो. भरलेली टाकी घेऊन हळू चालवणं हा बुश वाचवायचा चांगला मार्ग आहे.

बाहेर थेंबही नाही, पण उचललेलं अवजार इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकतं, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी बसते आणि उचलते, तर गळती आतली आहे : पिस्टनची ओ-रिंग किंवा वॉल्व्ह. बराच वेळ उभं ठेवल्यावर थोडं खाली येणं चालतं. पिस्टनच्या ओ-रिंगसाठी लिफ्टचं वरचं कव्हर उतरवावं लागतं, ते जड असतं आणि आत कंट्रोलचे दांडे जुळवायचे असतात. पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबरच करा. ओ-रिंगसोबतची कडक बॅकअप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते, एवढं मात्र स्वतः बघून घ्या.

लिफ्ट धक्के देत उचलते, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि डिपस्टिकवर फेस दिसतो, तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आहे. पंपाच्या ओढणाऱ्या नळीचा जोड ढिला आहे किंवा गाळणी तुंबली आहे.

क्लच हाउसिंगच्या तळाला छोटं भोक असतं, त्यातून तेल टपकत असेल तर रंग बघा. काळं असेल तर इंजिनची मागची सील, स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची. दोन्हींसाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. घरी करू नका.

तेल भरणं आणि हवा काढणं

तेलाचा प्रकार पुस्तिकेतला. तेलातले ब्रेक असतील तर वेट ब्रेकला चालणारं ट्रॅक्टरचं तेलच लागतं. साधं हायड्रॉलिक किंवा इंजिन ऑइल घातलं तर ब्रेक ओरडतात आणि नीट धरत नाहीत. तेल काढलंच आहे तर गाळणी धुवा आणि फिल्टर बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर पिठासारखी बारीक भुकटी चालते, पण चकाकते तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग बोलतंय, पुढे जाऊ नका.

कव्हर बसवताना सिलिकॉन पॅकिंगचा थर पातळ ठेवा. जाड थर आतल्या बाजूला पिळून येतो, तुटतो आणि गाळणीवर जाऊन बसतो.

आर्म खाली, ट्रॅक्टर सपाट, इंजिन बंद, अशा स्थितीत खुणेपर्यंत तेल भरा. इंजिन मंद गतीवर चालू करून रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा, हवा निघून जाईल. लिव्हर अगदी वरच्या टोकाला धरून ठेवू नका. रिलीफ वॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) किरकिरत राहतो आणि तेल तापतं. बंद करा, फेस बसू द्या, पुन्हा पातळी बघा, कमी असेल तर भरा. मग अवजार जोडून चालवा आणि त्याच जागा पुठ्ठा फिरवून तपासा.

काढलेलं जुनं तेल बंद डब्यात साठवून वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्या. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा तण मारायला बांधावर ओतू नका. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका.

अवरमीटरचा आकडा, सीलचे तीन आकडे आणि भरलेलं तेल किती, हे वहीत टिपून ठेवा. दहा तास काम झाल्यावर बदललेले जोड पुन्हा एकदा पान्याने तपासा, डिपस्टिक काढा आणि ट्रॅक्टरखाली रात्रभर पुठ्ठा पसरा. सकाळी तो कोरडा असेल तर काम झालं.